एक दिवसाआड

फ्रीसलंडात मी दुधाचा ट्रक चालवतो,
त्यामुळे पहाटेचं सगळं मला कळतं.

डॉक्टरनं वीब्रनला लिहून दिलं होतं :
मांस आठवड्यातून एकदा, लोणी बोटभर.
एकशेदहा गाईंच्या धन्याला!
कोळ्याला मासा वर्ज्य करावा तसं.

तरी आल्त्येनं घेवडा भिजत घातला,
जवाची पेज, कोबी, वर वाटलेली मोहरी.
महिनाभर तो ताटाशी भांडला.
मग शाळेतही तेच शिजू लागलं,
इस्पितळातही,
आणि माझी फेरी एक दिवसाआड झाली.

गाई चाळीस उरल्या.
समुद्रापलीकडच्या तोडलेल्या रानातून
यायची ती सोयाबीनची पोती
थांबली.
खालच्या कुरणाचा पंप त्यानं स्वतःच्या हातानं बंद केला.
शंभर वर्षं सुकत, आतल्या आत धुमसणारी काळी माती
पाणी पिऊन गप्प झाली.

आता तिथं लव्हाळा आहे, टिटव्या आहेत.
छान दिसतं. मी गाडी थांबवून बघतो.

वीब्रन मात्र तिकडे बघत नाही.
गोठ्याच्या रिकाम्या बाजूनं जाताना
अजूनही, सवयीनं,
शेपटीचा फटका चुकवायला
मान वाकवतो.