चारशे सतरा

दर दोन महिन्यांनी मी मर्डॉकच्या मनगटावरची बॅटरी बदलते.
काम दहा मिनिटांचं : जुना पट्टा कात्रीने कापायचा,
नवा बसवायचा, एक बोट आत जाईल इतपत सैल,
मग रेडिओ कानाला लावायचा.
टक्. टक्. टक्.
वहीत तारीख, सही.
एफी दर वेळी ओटची बिस्किटं पुढे करते
आणि दर वेळी विचारते,
समुद्राखाली चालतं का गं हे?

पहिल्यांदा गेले तेव्हा मर्डॉकने हात मागे घेतला.
मी काय कुत्रं आहे, म्हणाला.
मला उत्तर सुचेना.
सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली,
पोरं मोजून चढवली, मोजून उतरवली,
म्हाताऱ्या माणसाला कसं मोजतात
ते कुणी सांगितलं नव्हतं.

एफी उठली. बटणांच्या डब्यातून
पितळेची चकती घेऊन आली. चारशे सतरा.
खाणीत उतरताना खिळ्यावरून काढायची, खिशात टाकायची,
वर आलं की परत खिळ्याला.
खिळा रिकामा तर माणूस खाली, एवढा साधा हिशेब.
स्फोटाचा भोंगा झाला की बायका फाटकाशी धावत यायच्या
आणि नाव नाही, नंबर विचारायच्या.

खाण बंद झाली त्या दिवशी
मर्डॉकने बिल्ला परत लावला नाही. घरी आणला.
म्हणजे त्या फळ्यापुरता
तो अजून वर आलेलाच नाही.

चकतीवरून अंगठा फिरवत त्याने मला विचारलं,
हिशेब कोण ठेवतं?
मी, म्हटलं.
रात्रपाळीचासुद्धा?
रात्रपाळीचासुद्धा.
मग त्याने हात पुढे केला.

फेब्रुवारीत, तीन वाजून दहा मिनिटांनी फोन आला.
एफी रडत नव्हती. म्हणाली, डबा नेलाय.

गाडीच्या टपावर अँटेना, आत आम्ही तिघं,
काचेवर बर्फ आडवा येतोय.
जुन्या खाणीपाशी गेलो. तिथे आता गवत, एक बाक,
मेलेल्यांच्या नावांचा दगड.
रेडिओत नुसती खरखर.
चर्चमागे खरखर. बंद पडलेल्या मासळी कारखान्याशी
खरखरही नाही. पत्रा सगळं गिळतो.
मग मी अँटेना समुद्राकडे वळवली,
का ते माहीत नाही, की एफीमुळे,
आणि लांबून, बारीक :
टक्.

इथले बोगदे किनाऱ्यावर थांबले नाहीत कधी.
पाण्याखालून मैलोन्‌मैल गेले,
वर बोटी, मासे, त्याखाली माणसं, वाकून.
मर्डॉक तीस वर्षं रोज समुद्राखाली जायचा
आणि पोहायला कधी शिकला नाही.

कड्याखाली, खडकाच्या आडोशाला बसला होता.
बुटांच्या नाड्या नीट बांधलेल्या,
मांडीवर पत्र्याचा डबा, भुवयांवर बर्फ.
पाळणा वर न्यायला येईल म्हणून वाट बघत होता.
आम्हाला शिकवलंय : वाद घालू नका,
तारीख वार सांगू नका.
मी म्हटलं, पाळी संपली, चल.
तो म्हणाला, सगळे चढले?

(सगळ्यांचं असं होत नाही.
वहीत एक पान आहे, एका लहान मुलाचं.
त्याला पाणी फार आवडायचं.
त्या पानावर दोनच सह्या आहेत.)

चढले, म्हटलं. तूच राहिलायस.

गाडीत तो शेजारी, ब्लँकेटमध्ये,
एक हात हीटरच्या झोतात धरून.
रेडिओ मी बंद करायला हवा होता.
इतक्या जवळून तो आवाज
दारावर कुणी ठोठावल्यासारखा येत होता.
थोडा वेळ त्याने कान दिला.
कुणाचं हे?
तुझं.
पुढच्या वळणापर्यंत काही बोलला नाही.
मग म्हणाला,
बरं चाललंय की.