तीन बोटं वर

मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर,
दोन ताठ दोऱ्यांच्या मधोमध.
डॉक्टर मुकादम स्वतःची बोटं टेकवते, मग थबकते.
"नाही, तुमचीच ठेवा.
माप ज्याचं त्याचं असतं."

कुडाळात, मोटारपंपांच्या दुकानावरची खोली.
खाली कुणी पंप लावून बघतं
आणि खाट हलकी थरथरते,
इंजिन धरायच्या आधी होडी थरथरते तशी.

सुई मला नवी नाही.
गोव्याला लावतात तिच्यातून लाल औषध उतरतं;
तिथली नर्स शीर शोधताना हात थोपटते,
झोपलेल्या पोराला शाळेसाठी उठवावं तशी.
घरी भाल्या पडवीत जाळं सांधतो, त्याची सुई बांबूची.
आणि नऊ वर्षांची असताना शिंगाळ्याचा काटा
तळव्यात गेला होता, तो अजून पावसाळ्यात बोलतो.

ही मात्र केसाएवढी.
आत काही सोडत नाही, बाहेर काही ओढत नाही.
नुसती उभी राहते
ओहोटीच्या चिखलात बगळा उभा राहतो तशी.

"गाठ यानं जायची नाही हां,"
पहिल्याच दिवशी म्हणाली.
"गाठीचं काम गोव्याचं, ते चुकवायचं नाही.
माझ्याकडे मळमळ, झोप, बोटांच्या मुंग्या.
तेही जमलं तर.
आणि दर वेळी रक्ताचा कागद दाखवायचा,
पेशी उतरल्या असतील त्या आठवड्यात सुई नाही."

मला बरं वाटलं.
मीही बाजारात असंच सांगत आले,
बांगडो कालचो आसा, तिखल्याक चलात, तळूक नको.
बाकी सगळ्यांनी
मला पूर्ण बरं करायचं कबूल केलं होतं.

तिसऱ्या किमोनंतर मासळीचा वास सोसेना.
म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही.
पदर, उशी, डब्यातली चिल्लर,
देवापुढची दहाची नोट,
सगळ्याला तोच वास.
भाल्या समुद्रावरून आला की दोनदा साबण लावायचा
आणि पडवीत जाळ्याशेजारीच आडवा व्हायचा.
मी काही बोलले नव्हते.

आणि बोटं.
कोलंबी सोलताना अंगठ्याला कळत नाही
कोलंबी कुठे संपते, मी कुठे सुरू होते.

वीस मिनिटं.
मनगटांवर दोन, पावलांवर चार, टाळूवर एक,
जिथे आता केस आड येत नाहीत.
वीस मिनिटं कुणी विचारत नाही
काय खाल्लंस, किती ओकलीस, पुढची तारीख कधी.
चाळीस वर्षांत इतका वेळ मी
उजेडी कधी आडवी झाले नव्हते.

"औषध ह्याच असात काय, ह्या पडान रवणा?"
ती सुया मोजत होती. सात. पुन्हा मोजल्या.
"असेल. मला नक्की सांगता यायचं नाही."

पाचव्या खेपेला, परतीच्या एसटीत,
शेजारी एक बाई बसली, मांडीवर पिशवी,
पिशवीत सुके बांगडे.
मी सवयीने खिडकी उघडली,
रुमाल तोंडाशी धरला,
आणि वाट बघत राहिले.

नेरूरपारचा पूल गेला.
चौके गेलं.
पोटात काहीतरी वळलं, उठलं नाही,
कूस बदलून निजलं.

कुंभारमाठाशी मी रुमाल खाली घेतला.
"केवढ्याक घेतलंस गो?"
तिने भाव सांगितला.
"फसवल्यान तुका," म्हटलं, आणि
माझाच आवाज माझ्या कानाला अनोळखी वाटला, बाजारातला, चढा.

पिशवीत हात घातला.
अंगठ्याला अजून काही कळत नाही.
नाकाला कळलं.
नीट वाळले नव्हते.
अजून दोन उन्हं हवी होती.