दीड वीट

दाराला कुलूप नव्हतं, काटेरी फांदी होती, आडवी.
म्हणजे घरात कुणी नाही आणि इतक्यात येणारही नाही.
जाईताई म्हणाल्या, परवाच गेली बारकी,
ट्रकमध्ये कोंबड्या, पातेली, पोरं, एकावर एक.

रजिस्टरात अशा वेळी एक शब्द तयार असतो: स्थलांतरित.
तो लिहिला की रकाना भरतो.
मी नाही लिहिला.
पेन चालत नव्हतं, असं समजा.

शनिवारी शहापूरहून एसटी, पडघ्याला उतरून वडाप.
मांडीवर निळा डबा, आत चार बर्फाच्या पाट्या.
मासळी का? वडापवाला विचारतो.
हो म्हटलं. लवकर पोचव.

भट्टीवर झाड नाही.
पाड्यावर मी वजनकाटा मोहाच्या फांदीला टांगते,
इथे दोन माणसांनी खांद्यावर बांबू धरला,
एक बारकीचा नवरा, दुसरा मुकादम,
कामाची खोटी होते म्हणत,
पण हलला नाही जागचा.

झोळीत अडीच महिन्यांची मुलगी. नाव अजून नाही.
काटा थरथरला, थांबला.
तीन किलो आठशे.

किती? बारकीनं विचारलं. सांगितलं.
किलो तिला दुकानापुरते माहीत.
चिखलाचा हात लुगड्याला पुसला,
मनातल्या मनात काहीतरी उचलून पाहिलं, मग म्हणाली,
म्हंजी कच्ची सव्वा. भाजली तर दीड.

मुकादम हसला.
हिशेब चोख होता.

बाटलीवरचा चौकोन अजून पांढरा होता.
मांडीत सुई. पोर असं रडली
की विटा थापणाऱ्या दोघीतिघी मान वळवून बघत राहिल्या.
कार्ड बारकीनं सुक्या जवळ्याच्या डब्यातून काढलं,
वास होता,
पण एक कोपरा दुमडलेला नव्हता.
ताप आला तर पाव गोळी, दुधात, म्हटलं.
कुणाच्या दुधात, ते तिनं विचारलं नाही,
मीच जीभ चावली. तुझ्याच, म्हटलं. चमच्यात पिळून.

पुढच्या महिन्यात ठाण्याला आढावा बैठक.
पडद्यावर टक्केवारी,
पडद्यामागची भिंत बिनगिलाव्याची, शोभेसाठी ठेवलेली.
खालच्या ओळीपासून मोजायला लागले.
दोन विटा, एक पोर, वर थोडं उरतं.
चौथ्या ओळीत माझं नाव पुकारलं.

सिस्टर, दुसरा डोस किती बाकी?
एक होता. दिला.

छान, म्हणाले, आणि पुढचं उपकेंद्र.
वजन कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर कुठल्या मापात सांगायचं
ते माझंही ठरलं नव्हतं.