किती चालेल

"अजून अडीच वर्षंबी झाली न्हाईत," म्हणत
वखारभागातले शिवगोंडा मगदूम
बेचाळीस इंची टीव्ही चादरीत गुंडाळून आणतात,
एका बाजूला ते, एका बाजूला सून.
टेबलावर आडवा करतात.
नातू पायथ्याशी उभा.
टीव्ही त्याच्या बारशाला घेतलेला. दोघं एकाच महिन्यातले.

मी पाठ उघडते.
आत हळद.
मार्केट यार्डाच्या वाऱ्यातला कुठलाही सेट उघडा,
बोर्डावर, वायरींच्या बेचक्यात
पिवळी बारीक पूड असतेच.
सगळी यंत्रं हळदीची,
संसार एक वर्षाच्या वॉरंटीचा.

कंपनीला फोन लावते.
पलीकडची मुलगी गोड आहे. म्हणते,
मॅडम, त्या मॉडेलचं एंड ऑफ लाइफ झालंय.
फोन स्पीकरवर.
नातू ऐकतोय.

"मग वस्तू चालायची तरी किती?"
मगदूम मला विचारतात, जणू मीच बनवली.

काय सांगू.
बैल चालतो, कोर्टात केस चालते,
सासरचं काही चालवून घ्यावं लागतं,
आणि सांगलीत कुणाला काहीही विचारा,
"चालतंय की."
कशाचीच मुदत कुणी लिहून देत नाही.

बापू लिहायचे. झालेल्या कामाची.
कॅबिनेटच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीनं.
मिरजेच्या सतारवाल्यांकडचा एक रेडिओ अजून येतो,
भोपळ्याचा वास असलेला. त्याच्या पोटात:
१४ जून ७३, व्हॉल्व.
८१, कंडेन्सर.
९०, काट्याची दोरी.
९०, परत दोरी (माझी चूक).
२००४, काही नाही, नुसता पुसला.

एकोणीसच्या पुरात
शटरच्या वर दोन बोटं पाणी होतं.
ओसरल्यावर बापूंनी एकशे चौदा सेट नळाखाली धुतले,
गच्चीवर कुरडयांसारखे वाळत घातले
आणि कावळे हाकत बसले.
साठ-पासष्ट पुन्हा बोलले.
जुनेच बहुतेक.
नवे नुसतं पाणी बघून गेले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी मिरजेत
डॉक्टरांनी त्यांच्या छातीत पेसमेकर बसवला.
बापूंनी विचारलं, गिऱ्हाइकाच्या आवाजात,
"किती चालंल?"
"बॅटरी आठ ते दहा वर्षं."
"आणि पार्ट मिळंल?"
डॉक्टर हसले.
बापू हसले नाहीत.
घरी येऊन कार्डाच्या मागं तारीख टाकली,
खाली चार ओळींची जागा सोडली.

सोल्डर गनपासून लांब राहा, असं सांगितलंय,
म्हणून हे टेबल माझं.
ते पायरीवर बसतात, रस्त्याकडं तोंड करून,
आणि नुसत्या धुरावरून सांगतात,
"फ्लक्स जास्त झालं."

मगदूमांचा पडदा उचलते.
मागं चोवीस दिव्यांची माळ. एकच गेलाय.
बाकीचे तेवीस धडधाकट,
त्याच्यापायी अंधारात थांबलेले.
एवढ्यासाठी एंड ऑफ लाइफ.

भंगारातल्या एका फुटक्या टीव्हीचा दिवा काढते,
लावते.
पडदा आधी निळा होतो, मग त्यात माणसं येतात.
नातू टाळ्या वाजवत नाही.
तो टीव्हीच्या मागं जाऊन बघतो.

"साडेचारशे."
"आता किती चालंल?"
मी पायरीकडं बघते.
पाठ हलत नाही. फक्त आवाज येतो,
"न्या. बंद पडला की आणा."

पाठ लावायच्या आधी
आतल्या काळ्या प्लास्टिकवर पेन्सिल ओढून बघते.
उठत नाही.
स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं कोरते:
तारीख. दिवा एक.
खाली जागा राहते.

मगदूम पन्नास कमी देतात,
टीव्ही उभा धरून नेतात,
चादर विसरून जातात.