चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला

पोराचं नाव धैर्यशील.
धीर मात्र माझ्या वळणाचा, म्हणजे न्हाईच.

रात्री साडेअकराला यादवनगरात
गल्ली झोपली की ह्याचा सामना सुरू.
पडद्यावर हिरवं मैदान,
खोटी माणसं, खोटा पाऊस,
शिव्या तेवढ्या खऱ्या.
आणि बरोबर चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला
चेंडू हवेत थांबतो.
गोलकीपर एका पायावर.
प्रेक्षक तोंड उघडून.
आवाज अडकतो, गो गो गो गो,
पण गोल काही म्हणत न्हाई.

बटण दाबून धरतो, दहा आकडे मोजतो,
पुन्हा चालू.
ड्रायव्हर बदलला.
(मी विचारलं, कुठल्या गाडीचा?
त्यानं बगितलंच न्हाई माझ्याकडं.)
गवत उडवलं, सावल्या उडवल्या,
पाऊस बंद केला,
शेवटी प्रेक्षकही हाकलले.
रिकाम्या मैदानात बावीस जण,
तरी चौऱ्याहत्तर.
विंडोज पुसून नवी घातली,
त्यात बायकोच्या माहेरचे फोटो गेले,
ते वेगळंच रामायण.
शाहूपुरीतला दुकानदार म्हणाला, मदरबोर्ड.
नऊ हजार.
ही आतनं ओरडली,
'आता मी काय केलं?'

एकतीस वर्षं काढली मी लेथवर, उद्यमनगरात.
पहिल्या दिवशी मुल्लाणी उस्तादनं
कानाला धरून चालत्या मशिनजवळ नेलं.
'बगू नगं. ऐक.'
बेअरिंग मरायच्या आधी आठ दिवस रडतंय.

परवा रात्री मी पडद्याकडं पाठ करून बसलो.
साठाव्या मिनिटाला पंखा चढला.
सत्तरला बारीक शिट्टी.
मग धाप,
चढावर भरली ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरची असती तसली.
हात ठेवला पाठीवर,
भाकरी भाजून निघाली असती.
आणि ठेवलेला कुठं? वाकळेवर!
'आरं, ताप हाय त्याला.
आणि तू वाकळंत घालून पळवतोयस.'

सकाळी चष्मा नाकावर घेऊन उघडला.
अकरा स्क्रू, पेपरवर
ज्याच्या त्याच्या जागी, ओळीनं.
पंख्याच्या जाळीत नमदा बसलेला:
वाकळेचा धागा, मांजराचे केस,
आणि काहीतरी काळं, चमकणारं.
पेपरच्या कडेला झटकून
चुंबक फिरवला वरनं.
उभं राहिलं.
बिडाची भुकटी.
माझ्या सदऱ्यावरची, बाह्यांतली, भुवयांतली.
पगार तर कधीच उडाला,
ही मात्र जपून ठेवली हुती घरानं.
पोरगं काही बोललं न्हाई.
मीही न्हाई.
ब्रश मारला.

सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली,
मोहरीच्या दाण्याएवढी.
'आणि जरा लावा की.'
'वंगण जास्त झालं तरी मशीन मरतंय.'
दुपारी जुन्या वर्कशॉपात जाऊन
नायलॉनचे चार पाय उतरवले, दीड इंची,
खालनं वारा जायला.
एक पाय दोन थाऊ कमी भरला.
त्याला कळणार न्हाई.
मला जेवताना कळत हुतं.

रात्री साडेअकरा.
पाऊस चालू केला, प्रेक्षक परत बोलावले.
त्र्याहत्तर.
ही दारात, हात पिठाचे? न्हाई, पिठाचे कसले,
एवढ्या रात्री. नुस्तीच उभी.
चौऱ्याहत्तर.
चेंडू वर गेला.
चेंडू खाली आला.
समोरच्यानं छातीवर घेतला, वळला,
आणि ह्याच्या जाळीत घातला.

पोरानं सवयीनं लॅपटॉपकडं बगून
तोंड उघडलं,
आणि मिटलं.
'मीच मागं आलो न्हाई,' म्हणाला.

मी पाठीवर हात ठेवला.
लॅपटॉपच्या.
कोमट.