चेक नऊ

खामल्याला ढोमणे मास्तरांनी पंखा बंद केला;
रेग्युलेटर करकरतो, भामरागड ऐकू येत नाही.

निरोप क्रमांक चार. तातडीचा. चेक नऊ.
उतरले आठच:
बाळंतीण सुखरूप मुलगी झाली पाणी थांबलं तुम्ही येऊ

येऊ शकता? येऊ नका?
दोन्ही बसतात. पदरचा शब्द घालायचा नाही.
क्यूएसबी, आवाज विरतोय,
‘येऊ’च्या पुढचा पुन्हा द्या.

डा-डिट, डिट-डा,
घामाचा थेंब कागदावर,
डा-डिट-डा, डिट-डा.

नका.

इतवारीत फोन लावला. नवरा चपला घालूनच उभा.
नऊ शब्द वाचले. परत तेच नऊ.
“पोरगी कोणावर गेली जी?”

मास्तरांनी कागद उलटूनही पाहिला.
“चेक नऊच आहे, बाबू.”