तिसरा टाका

दारूखान्यात आता दारू नाही.
कधीकाळी होती म्हणतात, तोफांची.
आता लोखंड. रे रोड स्टेशनवरून खाडीकडे वळलात
की आमचा काटा, साठ टनी,
आणि काट्यावर मी, बावीस वर्षं.

मंगळवारी न्हावाशेव्याहून कंटेनर आला.
कागदावर लिहिलेलं: मिश्र भंगार, जड.
सोबत दाखला, की आत स्फोटक काही नाही.
दाखल्यावर तीन शिक्के, तिन्ही वेगळ्या लिपींतले,
आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल.

वेलजीशेठ म्हणाले, माती किती वजा धरायची ते बघ.
माती होती. साखळीच्या कड्याकड्यांत घट्ट बसलेली,
काळी, चांगली, मावशीच्या निफाडच्या मळ्यात असते तशी.
चौऱ्याऐंशी किलो वजा लिहिली.
आमच्याकडे मातीचे पैसे कुणी देत नाही.
तिकडे तिच्यासाठीच चाललंय, असं ऐकतो.
चौथं वर्ष.

दुपारी इद्रिसनं गॅस बंद केला, अर्ध्या कापात.
इद्रिस अर्ध्यात थांबणारा नाही.
"साहेब, जरा इकडे या."

चिलखती गाडीचं मागचं दार.
हिरव्यावर पांढरा रंग, त्यावर हिरवा, पुन्हा पांढरा:
नखानं खरवडून त्यानं हिवाळे मोजले.
नंबर खोडून नंबर, त्यावर तिसरा नंबर.
कडी या दाराची नव्हतीच, दुसऱ्या कुठल्या गाडीची,
छिद्रं जुळेनात म्हणून हातोडीनं बसवलेली.
आणि बिजागरीपाशी, एकाच जागी,
तीनदा सांधलेलं.

पहिला टाका जिताड्याच्या खवल्यांसारखा,
एकावर एक, सारख्या अंतरानं.
"हा बसून केलाय. चहा पिऊन. हा हात वीस वर्षांचा."

दुसरा त्याच्यावरून, घाईचा, बारीक भोकं पडलेला.
"रॉड ओली होती. वाळवायला वेळ मिळाला नसणार.
पण शिकलेला माणूस. वळणावर बघा, कसा थांबलाय."

तिसऱ्यावर तो बराच वेळ बोट फिरवत राहिला.
शेण थापावं तसा.
कुठे पत्रा जाळलेला, कुठे धातू नुसता वर बसलेला,
आत गेलाच नाही.
"हा नवीन आहे," इद्रिस म्हणाला.
होता नाही. आहे.
"याला कुणी दाखवलेलं नाही, साहेब.
शेजारी कुणी उभं नव्हतं."

मग पहिला कुठे गेला, मी विचारलं नाही.
दुसऱ्याचंही नाही.

जेवणाच्या सुट्टीत झुबेर फोनवरचे आकडे मोठ्यानं वाचतो:
आज इतके रणगाडे, इतक्या तोफा, टँकर दोन.
कुणीतरी आभाळातून फोटो काढून मोजतं म्हणे.
"दारं मोजतात का हो?" त्यानं विचारलं.
त्याला एकोणिसावं लागलंय. मिसरूड ठिणग्यांनी जळालेली.

संध्याकाळी इद्रिसनं त्यालाच बोलावलं.
भंगारातलेच दोन तुकडे ठेवले, होल्डर हातात दिला,
आणि मागे उभा राहून त्याचं मनगट धरलं,
माझगावात त्याच्या उस्तादानं त्याचं धरलं असेल तसं.
मग सोडलं.
झुबेरचा टाका पडला.
मी लांबून पाहिला. शेणच.
"पुन्हा," इद्रिस म्हणाला.

दार अजून अर्धंच कापलेलं. शेठ दोनदा विचारून गेले.
सात वाजता शेवटी ते काट्यावर आलं, दोन तुकड्यांत.

वहीत लिहिलं: दार, एक नग, एकशे अठरा किलो.
टाक्यांचं वजन वेगळं धरायची पद्धत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात 'रॉड ओली' असं लिहिलं,
मग खोडलं.
शेठनी विचारलं असतं, कुणाची.